एक जूनची माणसं
जन्मतारीख हा माणसाच्या ओळखीचा सर्वांत पक्का पुरावा आहे, असे जगातली सगळी सरकारे मानतात. आज एक जून. सकाळीच बँकेचा वाढदिवसाचा संदेश आला आणि मला परदेशातल्या विमानतळावरची ती काचेची खिडकी आठवली. आई, काका, काकू आणि मी आमच्या कुरवंडे गावाहून पहिल्यांदाच देशाबाहेर पडलो होतो. व्हिसा तिथे उतरल्यावर मिळणार होता. खिडकीतल्या अधिकाऱ्याने आमचे चार पासपोर्ट पत्त्यांसारखे मांडले आणि त्यांवरून बोट फिरवले: चौघांचीही जन्मतारीख एक जून. तो पासपोर्ट घेऊन आत गेला आणि आमच्याशेजारी एक बंदूकवाला पोलीस येऊन उभा राहिला. फरशीला फिनेलचा वास येत होता, गारठ्याने आईचे दात वाजत होते. "खोटी कागदं म्हणून आत टाकत्याल का रं?" काकूने मला विचारले. "शाळेत घालताना गुरुजींनी समद्यांची एकच तारीख लिव्हली, त्यात आमचा काय गुन्हा?" "गप ऱ्हा," काका पुटपुटले, "हितं गुरुजी न्हाईत साक्षीला." हे इंग्रजीत कसे सांगायचे, ते मी मनात जुळवू लागलो. अखेर एक वयस्कर साहेब आला. मी अडखळत गुरुजींची गोष्ट सांगितली. त्याने ती न हसता ऐकली, चारही शिक्के मारले आणि गळ्यातले स्वतःचे ओळखपत्र माझ्यापुढे धरले. त्यावर जन्मतारीख होती एक जानेवारी. "आमच्याकडचे गुरुजी ही लिहायचे," तो म्हणाला. बँकेला मी अजून काही कळवलेले नाही. आई म्हणते, तू पौषात जन्मलास.