न हिंदकळलेला तांब्या

खांबकाकांना दारू चढत नसे. आमच्या पागेत हेच त्यांचं मोठेपण होतं. हे माझे सख्खे चुलते. कितीही प्यायले तरी खांबासारखे उभे, म्हणून हे नाव. पेशव्यांच्या पुण्यात दारूला मनाई, त्यामुळे धुळवडीला पागेतले गडी कोथरूडच्या ओढ्याकाठी जात. तिथे पोटभर प्यायचं आणि तळहातावर भरलेला तांब्या घेऊन चालायचं. ज्याचं पाणी सांडलं नाही तो खरा गडी. मानाचा फेटा दरवर्षी काकांनाच.

"आज तरी सांडा की थोडं," कुणी म्हणे.

"का, तुझ्या बापाचं शेत भिजवायचं हाय?" काका विचारत.

घरी मात्र ते हसत नसत. माझे आजोबाही असेच न झुलणारे. पोट फुगून, डोळे हळदीसारखे पिवळे होऊन गेले. थोरले काकाही तसेच गेले. त्यांचा विषय निघाला की खांबकाका उठून घंगाळातल्या पाण्यात आपले डोळे पाहून येत.

आमच्या घरात अक्षरं गिरवणारा मी पहिलाच. नारायण पेठेतल्या एका वैद्यबुवांकडे शिकत होतो. एकदा धीर करून त्यांना घरचं सगळं सांगितलं.

ते म्हणाले, "ज्याला चढते, तो आपोआप आडवा होतो. ज्याला चढतच नाही, त्याला कोण थांबवणार? आणि हे बीजातून उतरतं. तू कधी घेतलीस?"

"नाही."

"मग घेऊन पाहू नकोस."

त्या धुळवडीला गड्यांनी मला धरलं. "वैद्य झालास तरी रक्त खांबाचंच ना?" मला नाही म्हणता आलं नाही. प्यायलो, तांब्या घेऊन चाललो. एक थेंब सांडला नाही. सगळे ओरडू लागले. काका तेवढे साप चावलेल्या माणसाकडे पाहावं तसे माझ्याकडे पाहत होते.

जवळ येऊन हळूच म्हणाले, "थोडं तरी सांडायचं रे लेका."

"काका, आपण दोघंही सोडू."

"माझं झालं आता. तू सोड."

पावसाळ्यात त्यांचे डोळे पिवळे झाले. वैद्यबुवांचे काढे पोटात ठरले नाहीत. दसऱ्याआधी काका गेले.

पुढच्या धुळवडीला गड्यांनी तो फेटा माझ्यापुढे धरला. "आता खांब तूच." मी दारूला हात लावला नाही. भरलेला तांब्या उचलला आणि सगळ्यांसमोर ओढ्यात उपडा केला. गडी हसले. अजून मी पीत नाही. पण आदल्या धुळवडीला पिऊन तांब्या नेताना माझा हात जरासुद्धा हलला नव्हता, ते काही विसरता येत नाही.