हिरवं पाणी फिकं का झालं

माझ्या आत्याकडे गाडी दाखवायला न्यायची, तर गाडीच्या मालकाने गप्प बसायचं. हा नियम तिच्या गॅरेजच्या भिंतीवर लिहिलेला नाही, पण कळायला वेळ लागत नाही. मालक तोंड उघडायच्या आत ती हात वर करते आणि विचारते, "शेजारच्या सीटवर कोण बसतं?" बायको, आई, ऑफिसातला सोबती, जे कुणी असेल त्याला घेऊन या म्हणते. तिचं म्हणणं असं की चालवणारा माणूस नेहमी गाडीची बाजू घेतो, शेजारी बसणारा घेत नाही. चालवणारा म्हणतो, "ब्रेक जरा हलके लागतात." शेजारची बाई म्हणते, "परवा आम्ही दुधाच्या गाडीत घुसता घुसता वाचलो." मग आत्या कामाला लागते.

ती या धंद्यात आली ती बारीक हातांमुळे. लग्न होऊन आली तेव्हा घरामागे सासऱ्यांचं गॅरेज होतं. नवरा शाळेत गणित शिकवायचा, आणि त्याला पाना कोणता नि पक्कड कोणती हे अजूनही सांगावं लागतं. एका दुपारी सासऱ्यांच्या हातून एक नट इंजिनाच्या पोटात पडला. त्यांचा पंजा काही तिथे शिरेना. त्यांनी नव्या सुनेला हाक मारली. तिने बाही वर केली, हात घातला, नट काढला आणि विचारलं, "इथे अजून एक सैल लागतोय, आवळू का?" त्या दिवसापासून सासऱ्यांनी तिला स्वयंपाकघरात फारसं जाऊ दिलं नाही. तिची काही तक्रार नव्हती. तिच्या हातचं जेवलेल्या कुणाचीही नव्हती.

आता ती छप्पन्न वर्षांची आहे. चष्म्याला दोरी, खिशात खडू आणि तळहाताएवढा आरसा, डाव्या मनगटावर वाफेने भाजल्याचा जुना डाग. त्या डागामुळे तिचा दुसरा नियम झाला: इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, मग समोर कोणीही येऊन उभं राहो. ती हुशार आहे आणि आपण हुशार आहोत हे तिला चांगलं ठाऊक आहे. चूक झाली तर कबूल करते, पण तोंड वाकडं करून. म्हणून ही गोष्ट मला सांगावी लागतेय. तिच्या तोंडून ती कुणाला ऐकायला मिळणार नाही.

गाडी होती माझ्या बाबांची, म्हणजे आत्याच्या मोठ्या भावाची. बावीस वर्षांची, एकेकाळी लाल. बाबा एकतीस वर्षं एका दवाखान्यात औषधांचं भांडार सांभाळत होते. निवृत्त झाल्यावर पहिले सहा महिने ते खिडकीपाशी खुर्ची टाकून बसले. पेपर वाचायचे, मग तोच पेपर परत वाचायचे. आईने काही विचारलं तर "चालेल" म्हणायचे. जेवायला काय करू, चालेल. बाहेर जायचं का, चालेल. मग एकदा कोपऱ्यावरच्या चित्रकला मास्तरांना डोळ्याच्या तपासणीला न्यायला कुणी मिळेना, तेव्हा बाबांनी त्यांना गाडीतून नेलं. दवाखान्यात कुठली खिडकी कधी उघडते, कुठल्या डॉक्टरांना सकाळी भेटावं आणि कुणाला चहानंतर, हे सगळं बाबांना पाठ. मास्तर तासाभरात परत आले आणि गल्लीभर सांगत सुटले. तेव्हापासून बाबांकडे रांग लागली. सोमवारी गुडघेवाल्या काकू, बुधवारी मास्तर, शुक्रवारी टेकडीवरच्या आजी. बाबा रोज दाढी करायला लागले.

आई गाडीला सवत म्हणायची. "सवतीला आंघोळ घालून झाली असेल तर नाश्ता करून घ्या," असं खिडकीतून ओरडायची. तिचं आणि गाडीचं पटत नाही हे सगळ्या घराने गृहीत धरलं होतं, आत्याने तर जरा जास्तच.

आणि ती गाडी तापायला लागली. आधी तापमानाचा काटा चढावर थोडा वर जायचा आणि उतारावर खाली यायचा. मग एका बुधवारी, मास्तरांच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती त्या दिवशी, दवाखान्याच्या चढावर बॉनेटखालून शिट्टी वाजली आणि वाफेचा लोट उठला. मास्तरांना काही दिसत नव्हतं. ते शांतपणे म्हणाले, "कुणीतरी चहा ठेवलाय वाटतं." बाबांनी हा किस्सा आम्हाला हसत सांगितला, पण जेवण तसंच टाकून उठले. मास्तरांना उन्हात पाऊण तास रस्त्याच्या कडेला बसवावं लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाबांनी जुन्या गाड्या घेणाऱ्याला फोन केला. पुढच्या शनिवारी अकराला तो येणार असं ठरलं. "उद्या माझ्यामुळे कुणाचं बरंवाईट झालं तर?" एवढंच म्हणाले. आई म्हणाली, "बरं झालं," आणि भांडी घासायला लागली. ती भांडी आधीच घासलेली होती.

मी तेव्हा एक नोकरी सोडून दुसरीची वाट बघत घरी होते, म्हणून हे सगळं मला दिसत होतं. बाबा परत खिडकीपाशी बसायला लागणार हे उघड होतं. मी सरळ आत्याला गाठलं.

"शनिवारपर्यंत वेळ आहे ना?" ती म्हणाली. "मग तो माणूस रिकाम्या हाताने परत जाईल."

सोमवारी सकाळी आठला ती आमच्या दारात. गाडी थंड होती. तिने जुनं पाणी काढून टाकलं, नवं कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, भरलं, हिरवंगार, आणि त्याच्या प्लास्टिकच्या टाकीवर जिथे पातळी होती तिथे काळ्या पेनाने रेघ मारली. "दादा, आठवडाभर कुणाला बसवायचं नाही. पण रोज दवाखान्याच्या चढापर्यंत एकटा जाऊन यायचं. काटा वर गेला की थांबायचं. काही भरायचं नाही, झाकणाला हात लावायचा नाही. मी रोज सकाळी येऊन रेघ बघेन." कूलंट कमी झालं तर गळती, नाही झालं तर दुसरं काहीतरी, असा तिचा साधा हिशोब.

मंगळवारी सकाळी पातळी रेघेवर. सोमवारी चढावर काटा मात्र वर गेला होता. आत्याने थर्मोस्टॅट बदलला, म्हणजे गरम पाण्याला वाट उघडून देणारी झडप. बुधवारी पातळी रेघेवर, काटा पुन्हा वर. तिने पंखा तपासला, फिरत होता. तेलाची काडी काढून बघितली, तेलात पाणी उतरलं नव्हतं. मला मागे उभं करून इंजिन चालू केलं, पांढरा धूर नव्हता, म्हणजे पाणी आतही जळत नव्हतं. गाडीखाली पुठ्ठा अंथरून ठेवला होता, त्याच्यावर थेंब नाही. गुरुवारी पातळी इतकी बरोबर रेघेवर की पट्टी लावून बघावी.

बाबांना या सगळ्याचा अभिमान वाटायला लागला होता. "बघ, एक थेंब कमी होत नाही," ते म्हणायचे. "जुनी हाडं आहेत." आत्या त्यांच्याकडे बघायची आणि खडू तोंडात धरायची. तिला राग आला की ती खडू चावते. त्या आठवड्यात दोन खडू संपले.

गुरुवारी तिने मला बाजूला घेतलं. "पाणी गळत नाही आणि तरी तापते म्हणजे आतले मार्ग बुजलेत. इंजिन उघडावं लागेल. या वयाच्या गाडीचं इंजिन उघडायचं म्हणजे गाडीच्या किमतीपेक्षा खर्च जास्त." बाबा जिन्यात उभे होते, त्यांनी ऐकलं. "राहू दे गं," ते म्हणाले. "तू पुष्कळ केलंस." त्या दुपारी आईने विचारलं, संध्याकाळी खिचडी टाकू का, आणि ते म्हणाले, "चालेल."

शुक्रवारी सकाळी आत्या फक्त आपली हत्यारं न्यायला आली. सवयीने वाकून टाकीकडे बघितलं. पातळी रेघेवर. ती सरळ झाली, दोन पावलं गेली, परत आली. चष्मा पुसला. खिशातला आरसा काढून टाकीमागे धरला म्हणजे उजेड पलीकडून येईल.

"इकडे ये," ती मला म्हणाली. "रंग कसला दिसतो?"

"पाण्याचा," मी म्हणाले.

"सोमवारी मी काय भरलं होतं?"

हिरवंगार कूलंट भरलं होतं. आता टाकीत जे होतं त्यात हिरवेपणा शोधावा लागत होता. चार दिवस आत्या उंची मोजत होती आणि रंग तिच्या डोळ्यांसमोर उडत चालला होता. गाडी रोज भरपूर गळत होती आणि रोज कुणीतरी ती साध्या पाण्याने रेघेपर्यंत भरत होतं.

"मी नाही," मी आधीच सांगून टाकलं.

"तू आठच्या आत उठतेस कुठे," ती म्हणाली, आणि तशीच तेलकट हातांनी स्वयंपाकघरात गेली.

आई कणीक मळत होती. आत्याने दारातूनच विचारलं, आवाज न चढवता, "वहिनी, रोज किती पाणी लागतं?"

आईचे हात थांबले. मला वाटलं ती नाकबूल करेल. ती म्हणाली, "दीड जग. चढावर जाऊन आले की दोन."

"कधीपासून?"

"झाले की तीन महिने. साडेपाचला, गाडी गार असते तेव्हा. फडकं घेऊन झाकण उघडते. तुम्ही रेघ मारलीत ते बरं झालं, आधी अंदाजाने घालत होते."

आत्या स्टुलावर बसली. "आणखी काय बघितलंत?"

मग आई बोलायला लागली. खाली थेंब कधीच नसतो. पण हे चढावरून आले की पुढे उजव्या बाजूला, जिथे तो पट्टा फिरतो, तिथे जरा वेळ सूं आवाज येतो आणि गोडसर वास सुटतो. दहा मिनिटांनी बंद होतो. तिथल्या लोखंडावर पांढरट खरवड धरली आहे, तिने एकदा नखाने काढून बघितली होती. महिन्याभरात ती वाढली आहे.

"पाणी फिरवणारा वॉटर पंप," आत्या म्हणाली. "गरम झाला की गळतो आणि गरम इंजिनावर तिथल्या तिथे वाळतो. मग खाली थेंब कुठून येणार. पंप बदलला की झालं, इंजिन उघडायला नको." तिने दोन्ही हातांनी तोंड पुसलं, त्यामुळे गालावर तेलाचे पट्टे उठले. "बावीस वर्षं तुम्ही त्या सीटवर बसताय. अख्ख्या शहराच्या बायकांना विचारलं मी, तुम्हाला नाही विचारलं. म्हटलं वहिनी काय सांगणार, विका म्हणतील."

हे म्हणताना तिचं तोंड वाकडं झालं होतं, पण म्हणाली.

आईचा चेहरा उतरला. "म्हणजे माझ्यामुळेच तुम्हाला सापडत नव्हतं?"

"हो. आणि तुमच्यामुळेच इंजिन जळालं नाही. कोरडी चालली असती तर कधीच गेली असती. दोन्ही तुमच्याच नावावर."

तेवढ्यात मागे चाहूल लागली. बाबा दारात उभे होते. दाढी केलेली नव्हती. किती ऐकलं होतं कोण जाणे, बहुतेक सगळंच.

"तीन महिने?" त्यांनी विचारलं. "रोज?"

"रोज," आई म्हणाली.

"अगं, मग बोलली का नाहीस? तू तर तिला सवत म्हणतेस."

आईने कणकेचे हात ताटलीवर झटकले. "बोलले असते तर त्याच दिवशी तुम्ही जाणं बंद केलं असतं. मास्तरांना नको, आजींना नको, कुणाला त्रास नको. आणि पुन्हा त्या खुर्चीत बसला असता. सहा महिने बघितलंय मी ते. मला विचाराल तर पाणी भरणं सोपं होतं."

आत्याने मान खाली घातली आणि हातातल्या खडूकडे बघत बसली. मी नळ बंद करण्याचं निमित्त केलं, नळ काही चालू नव्हता. बाबा आईकडे बघत होते. त्यांनी खिशातून फोन काढला आणि आमच्या समोरच जुन्या गाड्या घेणाऱ्याला लावला.

"उद्या येऊ नका," ते म्हणाले. "नाही, गाडी द्यायची नाही." पलीकडचा काहीतरी बोलत होता, बहुधा जास्त देतो म्हणत होता. बाबांनी ऐकून घेतलं. "तसं नाही हो," ते म्हणाले. "विकायचं ठरवताना मी घरात विचारलंच नव्हतं."