बॅटरीसाहेबांचं स्वयंपाकघर

स्वयंपाकघरात काय नसावं हे बॅटरीसाहेबांना एकतीस वर्षं तोंडपाठ होतं. काय असावं याचा मात्र त्यांना पत्ता नव्हता. हे त्यांच्या लक्षात आलं वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, वल्हांडणाला आठ दिवस उरले असताना, किराणा दुकानाच्या मधोमध रिकामी टोपली घेऊन उभे असताना.

वल्हांडण हा त्यांच्या समाजाचा मोठा सण. आठ दिवस घरात खमीर नको. पाव, बिस्किट, बिअर तर दूरच, गव्हाच्या किंवा बार्लीच्या पिठाला पाणी लागून जे काही आंबतं, फुगतं, त्याचा कणसुद्धा घरात चालत नाही. त्या आठ दिवसांची भांडी वेगळी, चमचे वेगळे, सुऱ्या वेगळ्या. पहिल्या संध्याकाळी सगळं घर एका टेबलाभोवती बसतं, बेखमीर भाकरी मोडतं आणि आपले पूर्वज गुलामीतून कसे सुटले ती गोष्ट ऐकतं. साहेबांची सगळी नोकरी या सणावर उभी होती. समाजाच्या धार्मिक मंडळाचे तपासनीस म्हणून ते हॉटेलांचे आणि हॉलांचे भटारखाने तपासायचे. हातात बॅटरी. फ्रिजच्या रबरात, ओव्हनच्या मागे, आचाऱ्याच्या एप्रनच्या खिशात उजेड पाडायचा, आणि कणभर जरी काही सापडलं तरी कपडे धुण्याची पावडर मागवून शिजलेल्या अन्नावर स्वतःच्या हाताने ओतायची, म्हणजे आपली पाठ वळल्यावर कोणी ते वाढू नये. आचाऱ्यांनीच त्यांना बॅटरीसाहेब म्हणायला सुरुवात केली. मागून आणखीही नावं होती, ती इथे लिहिण्यासारखी नाहीत. साहेबांना ती ठाऊक होती आणि मनातून आवडायचीही.

असा हा माणूस आता टोपली भरत होता. पाच माणसांसाठी त्यांनी साठ अंडी घेतली. तेलाचे तीन डबे घेतले. बटाटे इतके, की टोपलीचा कान वाकला.

"काका, साठ अंडी?" गल्ल्यावरची बाई म्हणाली. "कोंबड्या परत मागायला आल्या तर?"

"उरली तर उरली."

"आणि मीठ? मीठ नाही घेतलंत ते?"

साहेबांनी टोपलीत हात घालून चाचपलं. मीठ विकत आणावं लागतं हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. घरात मीठ असायचं. कसं असायचं हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं, आणि ज्या बाईला विचारायचं तिला जाऊन साडेपाच वर्षं झाली होती.

बाईने मीठ आणून दिलं, साल काढायची सोलणी दिली, गाळणं दिलं. शेवटी साहेबांनी फळीवरून व्हिनेगरची एक बाटली उचलली, नाकाजवळ नेली, दिव्याकडे वळवली आणि मान दोनदा हलवली. एकतीस वर्षं ही हललेली मान म्हणजे शिक्का होता.

"अक्षरं फार बारीक आहेत, काका. वाचून देऊ का?"

"बाई, तुमचा जन्म व्हायच्या आधीपासून मी लेबलं वाचतोय."

ही थाप होती. बॅटरीसाहेबांना वाचता येत नव्हतं. आजचं नाही, आठ वर्षांपासून. नजरेच्या बरोबर मधोमध धुक्याचा एक गोळा येऊन बसला होता. कडेचं सगळं दिसायचं, ज्याच्याकडे बघावं तेच पुसलं जायचं. डॉक्टरने सांगितलं होतं, हे वाढणार. तपासनिसाचे डोळे गेल्यावर मंडळ त्याला ठेवून घेणार नाही, हे सांगायला डॉक्टर लागत नव्हता. म्हणून साहेबांनी कोणालाच सांगितलं नाही, बायकोलाही नाही. बाटलीचा आकार, पाकिटाचा रंग, वास आणि एकतीस वर्षांची सवय यांवर ते भटारखाने पास-नापास करत राहिले. संशय आला की नापास. नापास करणाऱ्याला कोणी उलटून विचारत नाही, हे त्यांनी फार आधी हेरलं होतं.

नोकरीच्या शेवटच्या वर्षी त्यांनी स्वतःच्या मुलीचं स्वयंपाकघर नापास केलं.

मुलीचं लग्न होऊन वर्ष झालं होतं आणि वल्हांडणाचं पहिलं जेवण तिच्याकडे होतं. मायलेकी महिनाभर तयारीला लागल्या होत्या. नवी भांडी, नवे काटे-चमचे, फळ्यांवर कागद, एकेक पाकीट आईने निवडून आणलेलं. सासरची माणसं टेबलाशी बसलेली. साहेब आले, हात धुतले आणि सवयीने भटारखान्यात शिरावं तसे आत शिरले. फडताळात त्यांना पिठाचं एक पिवळं पाकीट लागलं. त्या पिवळ्या रंगात गव्हाचं सत्त्व येतं, असं त्यांना आठवलं.

"हे रश्श्यात घातलंय?"

"हो. बटाट्याचं आहे ते," बायको म्हणाली. "मी वाचून आणलंय."

"तुला काय कळतं वाचलेलं?"

मुलगी बाहेरून आत येईपर्यंत पाकीट ओल्या कचऱ्यात गेलं होतं आणि साहेब तिसऱ्या पातेल्यात धुण्याची पावडर ओतत होते. फेस कट्ट्यावरून खाली आला. विहीणबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. "सगळं बाटलं," साहेब म्हणाले, आणि टोपी घालून निघून गेले. त्या रात्री पाहुण्यांनी बेखमीर भाकरी पाण्याबरोबर खाल्ली.

माणूस चुकतो. इथवरच्या गोष्टीत बॅटरीसाहेब नुसतेच चुकलेले आहेत, आणि एवढ्यावर थांबले असते तर मीही त्यांना सोडून दिलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोने त्यांना हाक मारली. तसलंच आणखी एक पाकीट तिने स्वतःच्या घरी आणून ठेवलं होतं. "तुम्हीच टाकून या. माझा हात लागत नाही त्याला," ती म्हणाली. रात्रभर रडून तिचा चेहरा सुजला होता. साहेब पाकीट घेऊन जिन्यात गेले, खिडकीशी थांबले, आणि का कोण जाणे, खिशातलं भिंग काढून मान तिरकी करून एकेक अक्षर लावू लागले. ब. टा. टा. पुन्हा लावलं. बटाटाच होता.

त्यांनी ते पाकीट खालच्या कचऱ्याच्या पिंपात, वर्तमानपत्राखाली, तळाशी दाबलं. वर आले. हात धुतले.

"तेच होतं ना, गव्हाचं?" बायकोने विचारलं.

"तेच," साहेब म्हणाले.

त्या एका शब्दाने बाई संपली. म्हणजे मरायला आणखी दीड वर्ष लागलं, आणि मरणाचं कारण डॉक्टरांनी दुसरंच लिहिलं. पण त्या दीड वर्षात ती एकटी दुकानात गेली नाही. घरातल्या प्रत्येक पाकिटावर बोट ठेवून लहान मुलासारखं मोठ्याने वाचायची, आणि वाचून झालं तरी विचारायची, "बरोबर वाचलं ना मी?" साहेब भिंतीकडे बघत म्हणायचे, "बरोबर." तिने दोनदा चष्मा बदलून घेतला. दुसऱ्या वेळी चष्मेवाला म्हणाला, बाई, नंबर तोच आहे, तुमची नजर चांगली आहे. तिचा विश्वास बसला नाही.

मुलीने बापाशी बोलणं टाकलं. आईच्या मातीला आली, विधी झाले, गेली. नात झाली ती साहेबांना शेजाऱ्यांकडून कळली. नोकरी सुटल्यावर सणाचं जेवण ते थोरल्या भावाकडे जेवायचे. यंदा तो भाऊही गेला. तेव्हा साहेबांनी मनाचा हिय्या करून मुलीला फोन लावला आणि म्हणाले, या वर्षी माझ्याकडे या.

"आम्ही येऊ, बाबा," मुलगी म्हणाली.

म्हणून हा सगळा खटाटोप. साहेबांना स्वर्ग नको होता, मंडळाचा सत्कार नको होता. लेकीने आपल्या टेबलाशी बसून आपल्या हातचं खावं, आणि पुढच्या वर्षी पुन्हा यावं, एवढ्यावर त्यांचा सगळा जीव गोळा झाला होता.

आठ दिवस ते घासत होते. माळ्यावरची पेटी उतरवली. बायकोने जुन्या चादरींत गुंडाळून ठेवलेली सणाची भांडी निघाली, प्रत्येक गाठ तिनेच मारलेली. साहेबांना गाठी सुटेनात, त्यांनी त्या कापल्या. ओव्हन गॅसच्या बत्तीने लाल केला. कट्ट्यावर उकळतं पाणी ओतलं आणि स्वतःचा पाय भाजून घेतला. फळ्यांना चंदेरी कागद लावला. डोळ्यांना दिसत नव्हतं ते बोटांनी चाचपलं, फटीत नख घातलं. सूप दोनदा बिघडलं, तिसऱ्यांदा जमलं. मासा जमला. काकडीच्या चकत्या करून काचेच्या भांड्यात व्हिनेगरमध्ये मुरत घातल्या. दरवर्षी शंभर आचाऱ्यांची उणीदुणी काढणारा माणूस पाच जणांच्या स्वयंपाकाने टेकीला आला होता.

मुलगी दुपारीच आली, एकटी. नवरा, सासू आणि नात संध्याकाळी येणार होते. तिने दारातच बापाच्या भाजलेल्या पायाकडे बघितलं आणि एप्रन बांधला. दोघं कामाला लागली. अंडी सोलताना तिने एकदा विचारलं, "इतकी कशाला उकडलीत?" आणि साहेब म्हणाले, "असू दे." सात वर्षांतलं हे त्यांचं समोरासमोरचं पहिलं बोलणं.

कट्टा आवरताना तिने व्हिनेगरची बाटली उचलली आणि थबकली. साहेबांना कडेच्या नजरेने ते दिसलं.

"बाबा, हे बार्लीचं आहे."

"छे. सफरचंदाचं आहे ते."

"माल्ट लिहिलंय. म्हणजे बार्लीच." तिने बाटली त्यांच्या डोळ्यांपुढे धरली. साहेबांनी बाटलीकडे बघितलं. मधोमध धुकं, आणि धुक्याच्या कडेला लेकीची बोटं.

आता ती टॉवेल फेकेल आणि निघून जाईल, असं त्यांना वाटलं. तिने तसं काही केलं नाही. काकडी संडासात ओतली, वर बाटली रिकामी केली, दोनदा पाणी सोडलं. काचेचं भांडं आणि बाटली एका पिशवीत घालून बाहेरच्या पिंपात टाकून आली. हात कोपरापर्यंत धुतले. टेबलावरची बाकीची भांडी जिथल्या तिथे होती, त्यांना तिने बोट लावलं नाही.

"बाकी कशाला लागलं नव्हतं ना ते?"

"नाही."

"मग झालं. अक्षरंच किती बारीक करतात हल्ली." मग ती खुर्चीवर बसली आणि रडायला लागली. "मी उगीच इतकी वर्षं धरून बसले, बाबा. गेल्या महिन्यात माझ्याच हातून पोरीच्या औषधाची बाटली चुकली. वाचूनही चुकली. नशिबाने निभावलं. तेव्हा मला आई आठवली. दवाखान्यात ती मला सारखी म्हणायची, चूक माझी होती, माझ्या चुकीपायी बापाला तोडू नकोस. आणि मी तुमचा राग करत राहिले. तुमचं बरोबरच होतं त्या दिवशी. ओतायला नको होतं तुम्ही, पण बरोबर होतं."

साहेब उभे होते. ते बटाट्याचंच होतं, एवढंच सांगायचं होतं. शब्द तयार होते, जिभेवर आले होते, त्यांची चवही कळत होती. सांगितलं असतं तर मुलगी डोळे पुसून उठली असती, दारामागची आपली पिशवी घेऊन गेली असती, आणि नातीचं तोंड पुन्हा कधी दिसलं नसतं. पण एका मेलेल्या बाईचा चष्मा खरा ठरला असता. साहेबांनी मांडलेल्या टेबलाकडे बघितलं. पाच ताटं, पाच पेले.

"तुझी आई घाईची होती," ते म्हणाले. "पहिल्यापासून."

"हो ना," मुलगी म्हणाली, आणि रडता रडता हसली. "घाईच करायची ती."

संध्याकाळी सगळे बसले. नातीने रिवाजाप्रमाणे विचारलं, की आजची रात्र इतर रात्रींपेक्षा वेगळी का. साहेबांनी सणाचं पुस्तक उघडलं, वेळेवर पानं उलटली आणि गुलामीतून सुटल्याची गोष्ट खणखणीत आवाजात, एकही शब्द न चुकता सांगितली. जावई कौतुकाने आईला म्हणाला, "बघितलंस? पुस्तकाकडे नजरसुद्धा नाही. सगळं पाठ." विहीणबाईंनी मान डोलावली. मग जेवण वाढलं गेलं आणि त्या साहेबांकडे वळल्या.

"तुमची माफी मागायची राहिली आहे. त्या वर्षी आम्ही तुम्हाला फार नावं ठेवली. आता सूनबाईने सांगितलं तेव्हा कळलं, चूक तुमच्या बायकोचीच होती. आणि बोलणी मात्र तुम्ही खाल्लीत, इतकी वर्षं."

मुलगी बापाच्या तोंडाकडे बघत होती.

बॅटरीसाहेबांनी काटा खाली ठेवला. "जाऊ द्या," ते म्हणाले. "गेलेल्या माणसाला काय बोलायचं? मी तिला केव्हाच माफ केलंय."

"याला म्हणतात मोठं मन," विहीणबाई म्हणाल्या. जावयाचेही डोळे ओले झाले. मुलीने टेबलाखालून बापाचा हात धरला, घट्ट दाबला, आणि दुसऱ्या हाताने माशाचा सगळ्यात मोठा तुकडा त्यांच्या ताटात वाढला. पुढच्या वर्षीही इथेच, असं तिथल्या तिथे ठरलं.

साहेबांना भूक चांगली लागली होती. त्यांनी मासा दोनदा मागून घेतला.