बी-दोनची खिडकी

रजा संपायच्या दिवशी फौजी माणूस आपल्याच घरात पाहुणा असतो. ट्रंक दोनदा बांधायची, दोनदा उघडायची, आणि घड्याळाकडे आपलं लक्षच नाही असं दाखवायचं. मी हवालदार होतो. नायक मनोहर बोरकुटे माझ्याच पलटणीतला, रायपूरजवळच्या बीरगांवचा. त्या वेळी आमची दोघांची रजा एकाच दिवशी संपली. रायपूरहून गाडी दुपारी २.४० ची. फौजेचं रेल्वे वॉरंट स्लीपरचं, डबा एस-चार.

मनोहर रजेवर आला तोच पाठ धरून. ड्यूटीवर घसरून पडला होता. डॉक्टरसमोर मात्र "ठीक है साब". आता दोन रात्रींचा प्रवास, आणि त्याला बर्थ मिळाला सगळ्यात वरचा.

त्याची आई, गिरजाकाकू, उरल्याच्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटायच्या. पोराला पोचवायला त्या कामावरून थेट स्टेशनवर येत. आधी जेवणाचा डबा द्यायचा, मग खिडकीच्या गजांतून हात आत घालून त्याच्या कपाळावर अंगठा टेकवायचा, हा त्यांचा रिवाज. तेवढं झाल्याशिवाय मनोहर गाडीत नीट बसत नसे.

२.१५ ला मी टीटीईला गाठलं. थर्ड एसीत दोन बर्थ रिकामे होते, बी-दोनमध्ये. भाड्यातला फरक भरला आणि मनोहरला खालच्या बर्थवर नेलं.

"आई एस-चारले येईन ना," तो म्हणाला.

"तू आडवा हो. काकूले मी घेऊन येतो. ऑर्डर आहे."

"जी, हवालदारसाब."

एस-चारपाशी मी २.३७ पर्यंत उभा राहिलो. काकू आल्या नाहीत. शिट्टी झाली तसा धावत परत आलो. गाडी हलली, आणि मनोहर ताडकन उठून बसला. काकू पुलाच्या पायऱ्या उतरून आल्या होत्या. डबा दोन्ही हातांनी उंच धरलेला. पुढून सरकणाऱ्या एकेका काळ्या काचेत बघत होत्या. मनोहरने काचेवर तळवा आपटला. आमची खिडकी त्यांच्यासमोरून गेली, तेव्हा त्या मागच्या खिडकीत बघत होत्या. मी दाराकडे पळालो. वाटेत लोक आणि सामान. दारापाशी पोचलो तोवर प्लॅटफॉर्म संपला होता.

दीड महिन्याने मनोहर बर्फातून शेजारच्या पोस्टकडे जाणाऱ्या लिंक पेट्रोलवर गेला. मी पोस्टवर रेडिओ सेटपाशी होतो. सकाळी ९.१० ला त्याचा आवाज आला.

"टायगर वन, टायगर टू. ढलान पार कर रहे हैं. ओव्हर."

"टायगर टू, फासला रखो. ओव्हर."

उत्तर आलं नाही. अख्खा उतार बर्फासकट खाली आला होता. बाकीचे तिघे वाचले. मनोहर आम्हाला ११.५० ला सापडला. मी त्याच्या कपाळावरचा बर्फ हाताने पुसला, तेव्हा काकूंचा अंगठा आठवला. मी सगळ्यांसमोर रडलो.

पुढे रिटायर झालो. आता रायपुरात शंकर नगरमधल्या एका ऑफिसात सिक्युरिटी बघतो. रविवारी काकूंकडे जातो. पण त्या दुपारचा विषय मी कधी काढला नाही. करायला गेलो एक आणि झालं भलतंच. काकूंच्या त्या हाताच्या आड माझीच ऑर्डर आली होती.

यंदा पलटणीने नवं स्मारक बांधलं. त्यावर मनोहरचं नाव आहे. काकूंना बोलावणं आलं, न्यायचं काम माझं. मी मुद्दाम स्लीपरचं तिकीट काढायला सांगितलं. मोबाइलवर फॉर्म माझ्या मुलीने, पल्लवीने भरला. निघायच्या दिवशी ती नाचतच आली.

"बाबा, सीट अपग्रेड हो गई! बी-टू."

"कोणं सांगतलं होतं तुले?"

"फॉर्म में ऑप्शन था, मैंने हाँ कर दिया. फ्री में हुआ है बाबा. आजी के घुटने भी तो देखो."

पोरीचं चुकलं कुठे होतं?

प्लॅटफॉर्मवर काकूंना सांगितलं. काकू त्या काळ्या काचांकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "चाल."

खिडकीपाशी बसल्या. पदराने काच पुसली. समोर चहावाला, हमाल, बाकावर झोपलेला माणूस, सगळं लख्ख.

"वसंता, इथून तं समदं दिसून राहिलं रे."

"हव, काकू."

"त्यानं फोनवर सांगतलं होतं मले, आई, तू दिसली. मले वाटलं, पोट्टा समजूत काढून राहिला माही."

"खरंच दिसल्या होत्या तुमी. हिरवं पातळ. डबा असा वर धरला होता. तुमी समोरून गेल्या तवा त्यानं काचेवर हात ठेवला होता."

"मंग इतके वर्षं काहून नाई बोलला?"

"हिंमत नाई झाली. त्याले इथं मीच आणलं होतं."

काकू म्हणाल्या, "त्यानं आनखी एक सांगतलं होतं. लय दिवसांनी रातभर झोप लागली म्हने."

हे मला माहीत नव्हतं. मी तोंड फिरवून सामान नीट लावत बसलो.

गाडी हलली. बाहेर पल्लवी हात हलवत होती, आमच्या नाही, शेजारच्या खिडकीकडे बघून. काकूंनीही हात वर केला.

"तिले नाई दिसत, काकू."

"नाई दिसो. आपल्याले दिसून राहिली ना."

प्लॅटफॉर्म संपेपर्यंत त्या हात हलवत होत्या.