काहिलीतली स्थळपाहणी

गेली बावीस वर्षे मी तालुक्याच्या कचेरीबाहेर पिंपरणीच्या सावलीत टेबल मांडून लोकांचे अर्ज लिहितो. माझे शिक्षण नववीपर्यंतचे. परंतु माझ्या हातचा अर्ज कचेरीत कोणी हलका समजत नाही, असा माझा लौकिक आहे. म्हणूनच एका निवृत्त जवानाने माझ्याच अर्जाला आलेले उत्तर माझ्या टेबलावर आपटले, तो दिवस मला विसरता येत नाही.

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या हद्दीवर डोंगराच्या कुशीत सात घरांची एक वस्ती आहे. जवान तिथला. वस्ती आणि डांबरी रस्ता यांच्या मधून एक ओढा वाहतो. जवानाच्या पत्नीच्या दोन्ही किडन्या निकामी झालेल्या. सोमवारी आणि गुरुवारी तिला डायलिसिससाठी कराडला न्यावेच लागते. त्याकरिता ओढ्यावर साकव बांधून मिळावा, असे तीन अर्ज मी लिहिले होते. उत्तर आले ते असे: ‘प्रत्यक्ष स्थळपाहणीअंती सदर ओढा पायी ओलांडण्याजोगा आढळून आल्याने साकवाची आवश्यकता दिसून येत नाही.’ स्थळपाहणी वैशाखात झाली होती.

“तीन अर्ज लिवलं तुमी,” जवान म्हणाला. “तिन्हीत एकच. रौद्र रूप धारण करनारा वढा! साहेब आलं तवा त्या रौद्र रूपात एक बेडूक बसला हुता.”

“पाहणी चुकीच्या ऋतूत झाली, त्यात माझा काय दोष?”

“तुमी कवा बसलाय का रायटर, त्या पान्यात?”

आजूबाजूचे दोन मुद्रांकविक्रेते हसले. मी पेनचे टोपण लावले आणि म्हणालो, “गुरुवारी बसतो.”

बुधवारी दुपारी मी छत्री आणि फाइल घेऊन निघालो. ओढा टाळून वस्तीवर जाणारी एकच वाट आहे, डोंगरावरची. आषाढातल्या चिखलात ती चढायला मला तीन तास लागले. माझ्यासारख्या धडधाकट माणसाची ही गत, तर त्या बाईने ती वाट चालावी कशी, हा मुद्दा मी तिथेच फाइलीत टिपून घेतला.

सकाळी ओढा पाहिला आणि माझ्या अर्जांतली सगळी विशेषणे मला खोटी वाटू लागली. ती कमी पडत होती असे नव्हे. त्यांतून काहीच दिसत नव्हते. पाणी गढूळ, जेमतेम वीस पावले रुंद, आणि बैल उधळावेत तसे उताराने सुटलेले. काठावर गुऱ्हाळातली जुनी काहील पालथी घातलेली होती. ज्या लोखंडी काहिलीत उसाचा रस आटतो, त्याच काहिलीत बसून ही माणसे ओढा पार करत होती. धरून जायला दोन्ही काठांना दोर बांधला होता; तो पहिल्याच पुरात वाहून आलेल्या ओंडक्याने तोडला होता.

जवानाने मला पाणी समजावून सांगितले. “पान्याची पाठ फुगलेली दिसतीया? तितं खाली खडक हाय. त्याच्या अल्याडनं जायाचं. म्होरं त्यो करंज आडवा पडलाय, त्याच्यापास्नं लांब. फांद्यांतनं पानी जातंय, मानूस जात न्हाई. करंज सुटला की पल्याडच्या मोठ्या खडकामागं शिरायचं. तितं पानी थांबलेलं हाय. त्यो खडक चुकला, तर खाली फुटका बंधारा. तितं पडलेलं पानी उलटं फिरतंय. त्यात गेलेली म्हैस दोन दिस गरगरत हुती.”

“नोंद केली,” मी म्हणालो.

“नोंद ऱ्हाऊ द्या. मदी बसायचं. उठायचं न्हाई, आन् हात आत. ही ऑर्डर हाय.”

त्याची बायको सुलट्या केलेल्या काहिलीत आधीच बसली होती; तळाशी वल्ह्यांऐवजी दोन फळ्या होत्या. डावा हात पदरात गुंडाळून तिने छातीशी धरला होता. “ह्या हाताची शीर जोडलीया मशीनसाटनं,” ती मला म्हणाली. “जोर लावायचा न्हाई म्हनलाय डाक्टर. न्हाईतर दुसरी फळी मीच मारत हुते की. आता ह्यास्नी एकट्यानं माराया लागती. बसा रायटरदादा, छत्री मिटा.”

काहील सुटली. तिला पुढचे तोंड नाही की मागचे. एका बाजूने फळी मारली की ती जात्यासारखी फिरते. मग जवान घाईने दुसऱ्या बाजूला फळी घालून तिला सावरी. पहिला खडक आम्ही बरोबर टाळला. तो टाळताना पाणी त्याच्यावर कसे चढते, हे अर्जात मांडता यावे म्हणून मी किंचित उठून मान उंचावली. तेवढ्यात काहील कलली आणि करंजाकडे ओढली गेली. एक जाड फांदी माझ्या तोंडापुढे आली आणि मी ती दोन्ही हातांनी पकडली.

बुडणाऱ्याला आधार वाटतो तो हाच. पण माझे हात फांदीला थांबले आणि माझ्या बुडाखालून काहील पुढे जाऊ लागली. प्रवाहाच्या वरच्या अंगाची कड खाली दबली. पाणी आत आले.

“सोड!” जवान ओरडला. ‘सोडा’ नव्हे. आणि त्याने फळी माझ्या मनगटावर हाणली.

मी सोडली. काहील दोनदा गरगरली. फाइल आणि छत्री गेली. बाई उजव्या हाताने डब्याने पाणी उपसत होती आणि डावा हात कोरडा ठेवत होती. “आवं, बंधारा!” ती म्हणाली. तिच्या आवाजात भीती नव्हती, घाई होती.

तळाशी दुसरी फळी पडलेली होती. ती मी उचलली आणि जवानाच्या विरुद्ध बाजूने पाण्यात घातली. मला वल्हवता येत नव्हते. “मी हाक दिली की मारा!” तो म्हणाला आणि प्रत्येक हाकेला मी अंगातले सगळे बळ त्या फळीत घातले. दोन बाजूंना दोन फळ्या पडू लागताच काहिलीचे गरगरणे थांबले. बंधाऱ्याचा आवाज छातीत जाणवत असताना आम्ही मोठ्या खडकामागच्या थांबलेल्या पाण्यात शिरलो.

काठावर उतरून बाईने पदर पिळला. “रायटरदादा, फांदी बरी हुती का?” एवढेच विचारून ती जीप पकडायला चढ चढू लागली.

ती मशीनवर होती ते चार तास मी दवाखान्याच्या बाकावर नवा अर्ज लिहिला. तो जवानाला वाचून दाखवला. “ह्ये ‘अक्राळविक्राळ’ काढा,” तो म्हणाला. “आन् ‘साक्षात काळ’ कशाला? करंज लिवलाय न्हवं?” माझ्या मजकुरावर काट मारणारा तो पहिलाच माणूस, पण मी काट मारली. उरले ते खडक, करंज, बंधारा, डोंगरवाटेचे तीन तास आणि तिचा डावा हात. शेवटी मागणी एकच केली: पाहणी पाणी असताना, गुरुवारी सकाळी आठ वाजता, रस्त्याच्या काठावर उभे राहून व्हावी.

तेवढ्यावर मी थांबलो नाही. रोज सकाळी टेबल लावण्यापूर्वी मी आवक टेबलावर जाऊन अर्जाचे काय झाले ते विचारी. श्रावणातल्या एका गुरुवारी साहेब आले. आदल्या दिवशी मी पुन्हा डोंगरवाटेने वस्तीवर गेलो होतो. अर्ज हातात धरून ते पल्याड उभे, आणि आम्ही तिघे काहिलीत, दुसरी फळी माझ्या हाती. करंजाची तीच फांदी माझ्या कानाजवळून गेली. मी हात आत ठेवले आणि जवानाच्या हाकेची वाट पाहिली.

काठाला लागल्यावर जवान म्हणाला, “बसा साहेब. परतीची पाहनी तुमी करा.”

साहेबांनी करंजाकडे पाहिले, मग काहिलीकडे. “नको,” ते म्हणाले आणि वही उघडली. “काय शब्द घालू?”

“सदर ओढा ओलांडण्याजोगा नाही,” मी सांगितले. त्यांनी तसेच लिहिले.

“झालं का लिवून?” बाईने वरून विचारले. “जीप निगाली माजी.” आणि ती थांबली नाही.

साकव मंजूर झाला आहे. पाणी ओसरल्यावर, दिवाळीनंतर पाया खणणार आहेत. तोवर सोमवारी खाडा करून तिचा दीर दुसरी फळी मारतो, गुरुवारी मी. बुधवारी दुपारी मी टेबल आवरतो. गुरुवारी टेबल बंद, अर्ज लिहून घ्यायचा असेल तर शुक्रवारी यावे, असा फलक पिंपरणीला लावला आहे.