आवाज आला, नात दिसेना

मुखेडच्या मंजुश्री बिरादार घरातल्याच एका खोलीत लग्नाबारशाचे व्हिडिओ एडिट करतात. एके सकाळी गल्लीतल्या चतुराबाई पेनड्राइव्ह घेऊन आल्या. "माय, नातीच्या डोहाळजेवणातली गाणी ऐकू येत्यात, पण टीव्हीवर कुणीच दिसून नाही राहिलं."

"मोबाइलवर दिसतं का?"

"हाव, त्याच्यात लई चांगलं दिसतं."

मंजुश्रींच्या ध्यानात आलं. व्हिडिओ त्यांनी नव्या एच २६५ फॉरमॅटमध्ये तयार केला होता आणि चतुराबाईंच्या जुन्या टीव्हीला त्यातलं चित्र दाखवता येत नव्हतं. त्यांनी जुन्या टीव्हीवरही चालणारा एच २६४ फॉरमॅट निवडून तोच व्हिडिओ पुन्हा एक्सपोर्ट केला आणि खात्री करायला स्वतः त्यांच्या घरी गेल्या.

हिरव्या साडीतली नात पडद्यावर दिसली, तसा चतुराबाईंनी आवाज बंद केला. "गाणी लई ऐकली. आता नुसतं तिला बघू दे."

मंजुश्रीही शेजारी निवांत बसल्या.