भावाची पोल्ट्री, माझा गोठा

धाकट्या भावाची पोल्ट्री आणि माझा गोठा यांच्यात चाळीस फुटांचं अंगण आहे. त्याच्याकडे अंड्यांच्या नऊशे कोंबड्या होत्या. माझ्याकडे सात गायी, दूध केजच्या डेअरीला जातं.

कोंबड्या मरायला लागल्या. गुरांच्या डॉक्टरांनी नमुने पाठवले, बर्ड फ्लू निघाला. त्यांनी अंगणाच्या मधोमध चुन्याचा पट्टा मारायला लावला. म्हणाले, परदेशात हा रोग गायींनाही झालाय, दुधात उतरतो. आपल्याकडे तसं आढळलेलं नाही, पण चप्पल, बादली, खोरं, माणूस, काहीच पट्टा ओलांडून न्यायचं नाही. भावानं मान हलवली. मीही हलवली.

त्याच रात्री माझी एक गाय व्याली आणि उठेना. आमच्याकडे पहिला चीक भावाच्या घरी जातो आणि चिकाचं भांडं रिकामं परत येत नाही. चीक त्यांच्या भांड्यात लांबून ओतावा असं मी बायकोला सांगायला गेलो, तोवर चिकाची चरवी पलीकडे गेली होती.

सकाळी ती पट्ट्याच्या अलीकडे ठेवलेली दिसली. आत पाच अंडी. पलीकडून भावजय ओरडली, "भाऊजी, तेलात फेटून पाजा गायीला. बैलाला पाजत न्हाई का आपण? लगेच उठंल."

"अगं, डॉक्टर काय म्हणले?"

"धुतल्यात मी. आमी काय वाळीत हाव का?"

मी हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या, चरवी अंड्यांसकट खड्ड्यात टाकली, वर चुना, मग माती. ती शेवटपर्यंत बघत होती. मग आत गेली.

दुपारी कोंबड्या मारून पुरायला सरकारी पथक आलं. संध्याकाळपर्यंत पोल्ट्री रिकामी झाली. भाऊ ओट्यावर बसून होता. मला काहीतरी वाटायला हवं होतं. मी गायीला पाणी दाखवलं, वैरण टाकली.

पुढं डॉक्टरांच्या औषधानं गाय उठली. दुधाच्या तपासणीत काही निघालं नाही. ते सांगायला मी पट्ट्यापर्यंत गेलो. भाऊ बाजेवर पडला होता.

"चांगलं झालं, दादा," तो म्हणाला. "मग येऊ का जरा गोठ्यात? बसून बसून लई कटाळा आलाय. शेण तरी काढतो."

"डॉक्टर म्हणलेत, अजून न्हाई."

"बरं."

त्यानं कूस बदलली. धारांची वेळ झाली होती, मी परत फिरलो.